पुदिना, पेपरमिंट आणि पुदिन्याचं फूल: काढा, चटणी, बाम आणि कुंडी, सगळं नीट कसं करायचं

पोटात गुबारा धरला की आमच्या घरात पहिला हात पुदिन्याकडे जातो, मग ओव्याकडे, आणि औषधांचा डबा त्यानंतर. पण आजकाल बरेच जण सांगतात की पेपरमिंट टी पोटाला चांगला म्हणून वाचलं, बाजारातून पुदिन्याची जुडी आणली, भांडं उघडं ठेवून पंधरा मिनिटं खळखळ उकळली, चार दिवस प्यायलो आणि काहीच फरक पडला नाही. यात दोन गोष्टी चुकतात. एक म्हणजे ती जुडी बहुतेक वेळा पेपरमिंट नसतेच, आणि दुसरं म्हणजे पानात जे तेल होतं ते सगळं वाफेबरोबर उडून गेलेलं असतं. म्हणून पानं ओळखण्यापासून सुरुवात करतेय, कारण कुठलं पान कशाला वापरायचं हे तिथेच ठरतं.

हातात नक्की काय आहे ते बघा

आपल्याकडे भाजीवालीकडे मिळतो तो साधा पुदिना, इंग्रजीत त्याला स्पिअरमिंट म्हणतात. त्याचा वास कार्वोन नावाच्या घटकामुळे येतो, गोडसर आणि हिरवा, आणि त्यात मेंथॉल जवळजवळ नसतंच. पेपरमिंट म्हणजे हाच साधा पुदिना आणि पाणथळ जागी वाढणारा पाणपुदिना यांचा संकर, इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या शेवटी जॉन रे या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याची नोंद केली, आणि त्याच्या तेलात साधारण ३० ते ५० टक्के मेंथॉल असतं. जिभेवर येणारा तो गारवा या मेंथॉलचा. आपल्याकडे काही जण याला विलायती पुदिना म्हणतात.

तिसरा प्रकार आपण कुंडीत सहसा लावत नाही पण वापरतो मात्र रोज. तो म्हणजे जपानी पुदिना, शेतकऱ्यांच्या भाषेत मेंथा. उत्तर प्रदेशात बाराबंकी, बदायूं, रामपूर, संभल या पट्ट्यात याची शेती होते, औषधी आणि सुगंधी वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या लखनौच्या सीमॅप संस्थेने काढलेली कोसी ही जात तिथे घरोघरी माहीत आहे. याच्या तेलात ७० ते ८० टक्क्यांपर्यंत मेंथॉल असतं, तेल गार केलं की त्याचे सुयांसारखे पांढरे स्फटिक बनतात, आणि तेच आपल्या आयुर्वेदिक दुकानात पुदिन्याचं फूल किंवा पुदिना सत म्हणून मिळतं. बाम, टूथपेस्ट, खोकल्याच्या गोळ्या, पानवाल्याकडची थंडक, सगळीकडे हेच असतं.

आता पान ओळखायचं कसं? एक पान खोडापासून अलगद तोडा आणि देठ बघा. साध्या पुदिन्याचं पान खोडाला चिकटल्यासारखं असतं, देठ नसल्यातच जमा, पान सुरकुतलेलं आणि कडा करवतीसारख्या. पेपरमिंटच्या पानाला स्पष्ट छोटा देठ असतो, पान जरा गडद आणि कमी सुरकुतलेलं, आणि खोडावर बऱ्याचदा जांभळट झाक असते. मग पान बोटांत चुरगाळून वास घ्या, आणि खात्री नसेल तर अर्धं पान चावून तोंडाने श्वास आत ओढा, घसा गार पडला तर मेंथॉल आहे, नुसता चटणीचा वास आला तर साधा पुदिना. फुलं आली असतील तर अजून सोपं, साध्या पुदिन्याला आणि पेपरमिंटला तुरा शेंड्यावर येतो, जपानी पुदिन्याला फुलांचे झुबके पानांच्या बेचक्यात येतात.

साधा पुदिना कमी दर्जाचा आहे असं मात्र अजिबात समजू नका. चटणी, मठ्ठा, पाणीपुरीचं पाणी, बिर्याणी यासाठी साधाच हवा, पेपरमिंटची चटणी केलीत तर घरातले म्हणतील टूथपेस्ट खातोय. आणि पोटासाठी, घशासाठी काढा करायचा तर पेपरमिंट सरस. नसेलच तर साधा वापरा, वास आणि चव छान येते, जेवणानंतर हलकं वाटतं, पण तो गारवा त्यात शोधू नका.

काढा, म्हणजे झाकण

खरं तर काढा म्हणूच नये, कारण काढा म्हटलं की आपण उकळत बसतो. सुंठ, ज्येष्ठमध, गुळवेल अशा मुळ्या-खोडांना उकळणं लागतं, पुदिन्याला नाही. याचं औषध म्हणजे याचं उडून जाणारं तेल.

एका कपाला ताजी १०-१२ पानं, किंवा वाळलेली एक छोटा चमचा भरून. पानं धुवून हातानेच थोडी चुरगाळा, सुरी नको. पाणी वेगळं उकळा, गॅस बंद करा, पानं टाका आणि लगेच घट्ट बसणारं झाकण ठेवा. ८ ते १० मिनिटं हात लावू नका. मग झाकण उचलून त्याच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब बघा आणि वास घ्या, डोळ्यांपर्यंत गारवा जातो इतका तो वास तीव्र असतो, कपापेक्षाही जास्त. म्हणून ते झाकण तिरकं करून थेंब परत भांड्यातच सोडायचे, सिंकमध्ये झटकायचे नाहीत. माझ्या आत्याने मला हे दाखवलं तेव्हापासून मी ताटली न ठेवता पेपरमिंट कधी केलेला नाही.

जेवणानंतर अर्ध्या-पाऊण तासाने घोट घोट प्यायचा. दिवसात दोन-तीन कप पुष्कळ झाले. साखर घालायची गरज नाही, मध घालायचा तर कोमट झाल्यावर. सर्दीच्या दिवसांत आमच्याकडे गवती चहा आणि आलं असतंच, तेव्हा आधी आलं आणि गवती चहा पाच मिनिटं उकळून घ्यायचं, गॅस बंद करायचा आणि मग पुदिना टाकून झाकायचं. हा क्रम उलटा केला की पुदिना टाकून न टाकून सारखंच. दूध घालून चहा करणार असाल तरी तेच, चहा गाळायच्या आधी दोन मिनिटं पानं टाका आणि झाका.

पोटावर याचं काम कसं होतं तर मेंथॉल आतड्याच्या स्नायूंना सैल करतं, त्यामुळे मुरडा, कळ, अडकलेला वारा यांना आराम पडतो. ही नुसती आजीची समजूत नाही, अमेरिकेतल्या पोटविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आयबीएस या आतड्याच्या दीर्घ त्रासासाठी पेपरमिंट सुचवलेलं आहे. फक्त हे लक्षात घ्या की तिथे जे वापरतात त्या पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल असतात, बहुतेकांवर असं आवरण असतं की त्या पोटात न फुटता आतड्यात जाऊन फुटतात. आपला कप त्यापेक्षा खूप सौम्य. गुबारा, जड जेवण, प्रवासातली मळमळ यासाठी तो ठीक, रोजच पोट दुखत असेल तर डॉक्टरांना विचारून ती कॅप्सूल घ्यायची का ते ठरवा, आणि बाटलीतलं तेल पाण्यात टाकून स्वतः प्यायचा प्रयोग करू नका.

मळमळीवर आमच्याकडे अजून एक जुना प्रकार आहे, आठ-दहा पानं ठेचून रस काढायचा, त्यात अर्धा चमचा आल्याचा रस, थोडं लिंबू, चिमूटभर काळं मीठ, आणि हे चाटण थोडं थोडं चाटायचं. याला साधा पुदिना चालतो. घाटातल्या प्रवासाला मी छोट्या बाटलीत नेते, सकाळी केलेलं दुपारपर्यंतच वापरते.

चटणी काळी का पडते

पुदिना कापला किंवा वाटला की त्यातलं एन्झाइम आणि हवा यांची गाठ पडते आणि पानं काळपटतात, सफरचंद कापून ठेवल्यावर होतं तेच. मिक्सर तापला की हे अजून भराभर होतं. उपाय सोपा आहे, दोन वाट्या कोथिंबिरीला एक वाटी पुदिना घ्या, हिरवी मिरची, आलं, जिरं, मीठ, मूठभर डाळं, आणि पाण्याऐवजी दोन-तीन बर्फाचे खडे. लिंबू शेवटी न पिळता सुरुवातीलाच पिळा, आंबटपणामुळे एन्झाइम मंदावतं. मिक्सर सलग फिरवू नका, थांबून थांबून फिरवा.

कडवटपणाची तक्रार असते ती बहुतेक काड्यांमुळे. कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या चटणीत गोड लागतात, पुदिन्याच्या काड्या नाही लागत. पानं खुडायला वेळ लागतो हे खरंय, शेंडा धरून उलट्या दिशेने बोटं ओढली की पानं भराभर निघतात आणि काडी हातात राहते. त्या काड्या टाकू नका, शेवटी सांगितलंय तसं कुंडीत लावायला लागतील. उन्हाळ्यात कैरी आली की लिंबाऐवजी कैरीचे चार तुकडे, आणि डाळ्याऐवजी ओलं खोबरं, ही चटणी थालीपीठाबरोबर एकदा करून बघाच.

मठ्ठ्याला मात्र पुदिना बेताने. एक लिटर ताकाला सात-आठ पानं, आल्याचा तुकडा, कोथिंबीर, जिरेपूड, हिंग, मीठ, किंचित साखर. पानं मिठाबरोबर खलबत्त्यात चेचून ताकात घाला आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून गाळून घ्या. मिक्सरला लावलं तर ताक हिरवं होतं आणि फक्त पुदिनाच लागतो.

जुडी आणल्यावर पहिलं काम म्हणजे रबर किंवा सुतळी सोडणं, तिथेच पानं दबून आधी सडतात. काळी पानं काढा, ओल पुसून जुडी सुती फडक्यात सैल गुंडाळून डब्यात ठेवा, आठवडा निघतो. धुणं वापरायच्या वेळीच, पावसाळ्यात तर पानांमागे चिखल आणि अळ्यांची अंडी असतात, मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून मग दोन-तीन पाण्यांतून काढा.

वाळवायचा असेल तर सावलीत. उन्हात वाळवलात तर रंगही जातो आणि वासही जातो. पानं ताटात एकाच थरात पसरा, पंख्याखाली तीन-चार दिवस, पान मुठीत दाबल्यावर कुर्रकन चुरा झाला पाहिजे. पान वाकतंय म्हणजे अजून ओल आहे, तसंच बरणीत भरलंत तर बुरशी धरते. बरणीत पानं अख्खी ठेवा, चुरा वापरताना करा, आणि बरणी गॅसच्या शेजारी ठेवू नका. ताज्या पानात बहुतेक पाणीच असतं त्यामुळे दोन मोठ्या जुड्या वाळवल्या तर एक छोटी बरणी जेमतेम भरते.

डोकं, नाक आणि पुदिन्याचं फूल

मेंथॉल लावलं की गार वाटतं पण त्वचेचं तापमान खरंच तेवढं उतरलेलं नसतं. थंडी ओळखणारा एक रिसेप्टर आपल्या नसांमध्ये असतो, मेंथॉल त्याला चेतवतं आणि मेंदूला वाटतं गारवा आला. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन या दोघांनी वेगवेगळं काम करून मेंथॉलच्याच मदतीने तो रिसेप्टर शोधला, आणि तापमान व स्पर्शाच्या संशोधनासाठी त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. सर्दीतही हेच होतं, नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, आतली सूज तशीच असते. ते वाटणंही रात्री झोप लागायला उपयोगी आहे, फक्त त्यालाच सर्दीचा इलाज समजू नये.

ताणाने डोकं दुखतं तेव्हा, एक छोटा चमचा खोबरेल तेलात पेपरमिंट तेलाचे दोन थेंब, जास्त नाही, मिसळून कपाळाला आणि कानशिलांना हलक्या हाताने चोळा. डोळ्यांपासून दोन बोटं लांब. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून तासभर बघा, लाल झालं किंवा जळजळलं तर नको. मग हात साबणाने धुवा, विसरून डोळा चोळला तर फार आग होते.

पुदिन्याचं फूल, ओव्याचं फूल (म्हणजे ओव्याच्या तेलातले स्फटिक) आणि भीमसेनी कापूर सारख्या वजनाने घेऊन काचेच्या बाटलीत बंद केलं की थोड्या वेळात तिन्ही कोरडे पदार्थ विरघळून पाणी होतं, वरून थेंबभर पाणी न घालता. आजही मला हे बघायला आवडतं. मेंथॉल ४२ अंशांच्या आसपास वितळतं, ओव्याचं फूल ५० च्या आसपास, पण एकत्र आले की ते साध्या हवेतच पातळ होतात. अमृतधारा म्हणतात ती हीच. जुन्या घरांमध्ये ती बत्ताशावर थेंब टाकून द्यायचे, पण मी घरी केलेली पोटात घ्यायला कुणालाच सांगणार नाही, कारण कापूर पोटात गेला तर विषारी आहे, लहान मुलांना तर थोड्या प्रमाणातही झटके येऊ शकतात. दोन-तीन थेंब चमचाभर खोबरेलात घालून ठणकणाऱ्या पोटऱ्यांना, मुंगी-डास चावल्या जागी लावा, आणि बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी वर, लेबल लावून ठेवा.

कुणी जपायचं

तान्ह्या बाळाच्या आणि दोन वर्षांखालच्या मुलाच्या नाकाला, तोंडाला, छातीला मेंथॉलचं काहीही लावायचं नाही. आमच्या जवळच्या एका घरात तीन महिन्यांच्या बाळाला सर्दी झाली म्हणून प्रेमापोटी नाकाखाली बाम लावला आणि बाळाचा श्वास अडकायला लागला, रात्री धावत दवाखाना गाठावा लागला, बाळ सुखरूप आहे पण ती रात्र मी विसरलेली नाही. एवढ्या लहान मुलांचा घसा मेंथॉलने आकसू शकतो. बाळाची सर्दी डॉक्टरलाच दाखवा.

ज्यांना छातीत जळजळतं, आंबट पाणी वर येतं त्यांनी पेपरमिंट जपून, कारण ते आतड्यासारखीच अन्ननलिकेच्या खालची झडपही सैल करतं आणि ॲसिड अजून वर येतं. ॲसिडिटी झाली म्हणून पेपरमिंट टी पिणारे खूप बघितलेत आणि त्यांचं जळजळणं वाढलेलंही. पित्ताशयात खडे असतील, गरोदर असाल, कायम गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून. लोहाची गोळी घेत असाल तर कप आणि गोळी यात दोन तास ठेवा, पुदिन्याच्या चहाने लोह कमी शोषलं जातं. आणि छाती भरून येणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, हे गॅस समजून पुदिना उकळत बसू नका, सरळ हॉस्पिटल. पोटदुखीबरोबर ताप, शौचात रक्त, पाणीही न टिकणारी उलटी असेल तरी तेच.

कुंडीत लावायचा तर

साध्या पुदिन्यासाठी वेगळं काही विकत आणू नका. जुडीतल्या जाडसर, निरोगी काड्या घ्या, बोटभर लांबीच्या, शक्यतो खाली पांढरी मुळं फुटलेल्या. खालची पानं काढा, वरची चार ठेवा, गाठीच्या खाली तिरका काप द्या आणि पेल्यात दोन बोटं पाण्यात उभ्या करा. खिडकीत, पण थेट ऊन नको. पाणी दर एक-दोन दिवसांनी बदला, ८-१० दिवसांत गाठीतून मुळं येतात, ती बोटाच्या पेराएवढी झाली की मातीत.

पेपरमिंटचं मात्र रोप किंवा काडीच आणावी लागते. पाकिटावर पेपरमिंटचं बी लिहिलेलं दिसलं तर घेऊ नका, कारण पेपरमिंट संकर असल्यामुळे त्याला उगवणारं बी धरतच नाही, जगभर तो काडीपासून आणि मुळापासूनच वाढवतात. मी ऑनलाइन मागवलेल्या अशा पाकिटातून दीड महिना पाणी घालून शेवटी साधाच पुदिना उगवला. नर्सरीत गेलात तर नावावर विश्वास न ठेवता पान तोडून देठ बघा, चावून बघा, मगच पैसे द्या.

कुंडी खोल नको, पसरट हवी, कारण याचे फुटवे मातीलगत आडवे पळतात. जुना टब, फळांचा क्रेट, काहीही चालेल, खाली भोकं पाहिजेत. दोन भाग माती, एक भाग गांडूळखत किंवा कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट. दुसऱ्या झाडाच्या कुंडीत कधीच लावू नका, वर्षभरात सगळी कुंडी बळकावतो. पेपरमिंट आणि साधा पुदिनाही वेगळ्या कुंड्यांत. सकाळचं तीन-चार तास ऊन मिळालं की पुरे, एप्रिल-मेमध्ये दुपारचं ऊन लागलं की पानांच्या कडा करपतात, तेव्हा सावलीत सरकवा. माती कायम ओलसर, पण ताटलीत पाणी साचलेलं नको.

रोप वीतभर झालं की शेंडे खुडायला लागा, एक शेंडा खुडला की खालून दोन फुटतात. पानं जास्त लागतील तेव्हा दोन गाठी ठेवून वरचं सगळं कापा, सकाळी दव उडाल्यावर, फुलं यायच्या आधी. उन्हाळ्यात पानांवर बारीक पांढरे ठिपके आणि मागे जाळी दिसली तर लाल कोळी आहे, पानांच्या मागच्या बाजूने पाण्याचा जोरात फवारा तीन-चार दिवस सकाळी मारा. पावसाळ्यात पानांमागे नारिंगी पुळ्या आल्या तर तो तांबेरा, तेवढ्या काड्या मातीलगत कापून कचऱ्यात टाका, कुंडीत किंवा घरच्या कंपोस्टमध्ये नाही, आणि पाणी पानांवर न घालता मातीवर घाला.

वर्षभराने कुंडीच्या मध्यभागी काड्याच काड्या दिसतात आणि पानं बारीक होतात, तेव्हा खत वाढवून उपयोग नाही, मुळं दाटलेली असतात. पाऊस संपला की ऑक्टोबरमध्ये अख्खा गड्डा उपटा, मधला जुना लाकडासारखा भाग टाकून द्या, कडेचे पांढरे मुळं असलेले फुटवे विळीने बोटभर कापून नव्या मातीत दोन बोटं खाली आडवे पुरा आणि पाणी द्या. जे उरतील ते शेजाऱ्यांना द्या, ओल्या फडक्यात गुंडाळून दोन दिवस टिकतात.